तळाचा एक्का

भूपेशदादा,

काल आपल्या प्रीतमदादाच्या फोटोला हार घालताना तू सगळ्या खरवई गावासमोर म्हणालास, "सीमेवर मरण त्याच्या नशिबातच होतं."

नशीब? आपली जमीन अंबरनाथच्या कंपनीला गेली तेव्हा बदल्यात घरटी एकच नोकरी होती. तुम्हा दोघा भावांत ज्याला मोठा पत्ता येईल तो नोकरीला, दुसरा फौजेत, असं बाबांनी ठरवलं. लहान पोरगी लबाडी करणार नाही म्हणून पत्ते वाटायला मला बसवलं. तू आदल्या दिवशीच दम दिलेलास, म्हणून गड्डीच्या तळाचा एक्का मी तुला दिला.

प्रीतमने ते पाहिलं. तरी हसत आपली दुर्री उचलली. म्हणाला, "चल, मी जातो."

आई तुझ्याकडे राहते, म्हणून हे पाठवणार नाही. तू मरणाला घाबरून खेळलास, मी तुला घाबरून. मर्जीने खेळला तो एकटाच.

पत्ते वाटणारी,
नेत्रा