सुग्रीव राम राम घालत नाही

१४ जून, सकाळी
खताच्या दुकानदारानं जानेवारीत दिलेली डायरी आज उघडली. लिहायला फार उशीर झाला, माफी असावी. माफी कोणाला, ते माहीत नाही. सातवीपर्यंत शिकलो, सुरुवात अशीच करतात एवढं आठवतं. रेघा फार पुसट छापल्या आहेत. हल्ली मालात दम नाही.
कारण लिहून ठेवतो. सुग्रीव. लहानपणचा दोस्त. दोन उन्हाळे झाले, माझ्या ओट्यासमोरून रोज शेतात जातो आणि राम राम घालत नाही. घशाचं ऑपरेशन झालं, आवाज गेला म्हणे. आवाज गेला म्हणून माणुसकी पण गेली का? अख्ख्या झरी गावासमोर बेइज्जती. बदला घेणार. पक्कं.

१५ जून
बायको, कोकिळा, म्हणते, आवं, ते रोज हात करतेत, तुमालाच दिसत न्हाई. कोकिळा त्याच्या बायकोकडून कढीपत्ता आणते. तिची साक्ष धरता येत नाही.

१९ जून
बदला सुरू. ओट्यावरची खुर्ची फिरवली. तोंड भिंतीकडे, पाठ रस्त्याकडे. सुग्रीव गेला तेव्हा मान पण हलवली नाही. चांगलाच वरमला असणार.

२० जून
मान आखडली. शिवाय एक अडचण. बेइज्जती केल्यावर त्याचं तोंड कसं पडतं, तेच बघायला मिळत नाही. मग फायदा काय? खुर्ची सरळ केली. तरी रस्त्यावर धुकं. जूनमध्ये धुकं! हवामानाचं काही खरं नाही.

२ जुलै
शाळेत डोळ्यांचं शिबिर. एका पोरीनं बॅटरी मारली आणि म्हणाली, बाबा, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू हाय, उजवा लय वाढलाय. मी म्हणालो, अजून पिकला नसेल. ती म्हणाली, आंबा हाय का तो? आता पिकायची वाट कुणी बघत न्हाई. सगळे हसले. पोरीचा चेहरा लक्षात ठेवणार होतो, पण नीट दिसला नाही.
तरी ऑपरेशन करायचं ठरवलं. डोळ्यासाठी नाही. सुग्रीवचं पडलेलं तोंड स्वच्छ दिसावं म्हणून.

९ जुलै, परभणी
शिबिराच्या गाडीनं दवाखान्यात नेलं. बाकीच्यांच्या कपाळाला, कुठला डोळा करायचा त्याच्या खुणेच्या पट्ट्या चिकटवल्या, मला परत पाठवलं. शुगर वाढलेली. डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या घेता का. घेतो म्हणालो. कोकिळा मधेच म्हणाली, दिवाळीत घेतल्या हुत्या. सुग्रीवचं उरकलं की डॉक्टर आणि कोकिळा.

१० जुलै
आजपासून गोड बंद. गोळ्या वेळेवर. रोज चालणं. वैऱ्यासाठी एवढं कोणी केलं नसेल.

१२ जुलै
चाललो. बालाजीच्या हॉटेलापर्यंत. चहा बिनसाखरेचा सांगितला. जिलेबी गरम होती. मी चहातली साखर सोडली आहे, जिलेबीबद्दल काही ठरलं नव्हतं.

१३ जुलै
पुन्हा चाललो. व्यायामानं भूक लागते, हे डॉक्टर सांगत नाहीत.

१९ जुलै
कोकिळानं गुळाच्या डब्याला कुलूप लावलं. वर बालाजीला जाऊन सांगितलं, ह्यांला जिलेबी दिली तर हॉटेलासमोर येऊन बसंन. तो घाबरला. बदल्याच्या यादीत बालाजी.

२१ ऑगस्ट
शुगर उतरली. केवळ माझ्या मनाच्या निर्धारानं. ऑपरेशन २५ तारखेला.

२४ ऑगस्ट
आज हद्द झाली. सुग्रीव ओट्यापाशी येऊन थांबला. थांबला! समोर काहीतरी पांढरं हललं. मग अगदी जवळ येऊन काहीतरी फुसफुसला. शिवीच असणार. मी वर न बघता मोठ्यानं म्हणालो, कोकिळा, दार लाव, वारं सुटलंय. थोडा वेळ उभा राहिला आणि गेला. याला म्हणतात जिरवणं.
कोकिळानं दार लावलं. जेवणाचं ताट माझ्यासमोर आदळलं.

२६ ऑगस्ट, परभणी
उजवा डोळा झाला. पट्टी काढली. भिंतीवरची पाल दिसली, डॉक्टरांच्या शर्टावरचा डाग दिसला. कोकिळाचे केस पार पांढरे झालेत. मला कोणी सांगितलं नव्हतं.

२८ ऑगस्ट, सकाळी सहा
काळा चष्मा लावून ओट्यावर तयार. सुग्रीव आला की आधी त्याचं तोंड बघणार, मग आपलं फिरवणार. सराव केला. डॉक्टरांचा हुकूम आहे, वाकायचं नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, डोळ्यात थेंब टाकायचे. बदल्याला बंदी नाही.
आला नाही.

२९ ऑगस्ट
आला नाही. घाबरला.

३० ऑगस्ट
बालाजीच्या हॉटेलात चौकशी केली. सहज. तो म्हणाला, अण्णा, सुग्रीवमामा गेले की पुण्याला, पोराकडं. घशाचं दुखणं पुन्हा उठलंय त्यांचं. जायच्या आदल्या दिशी तुमाला सांगायला आले हुते, तर तुमी वारं सुटलं म्हणलात. मग म्हणाला, दोन वरसं बघायलोत आमी, रोज हात करायचे तुमाला. पोरं पैज लावायची, आज अण्णा हात करतेत का न्हाई. न्हाई म्हणणारा रोज जिंकायचा.
जिलेबी समोर होती. कोणी अडवलं नाही. खाल्ली नाही.

३१ ऑगस्ट
चूक सुग्रीवचीच. हात करायचा तर जरा उंच करावा. खांद्यापर्यंत केलेला हात लांबून कसा दिसणार?
संध्याकाळी कोकिळानं त्याचा नंबर लावून दिला. उचलला. पलीकडून नुसता श्वास. मी म्हणालो, महारुद्र बोलतोय. श्वास जरा जोरात झाला. हात वर केला. बराच वेळ तसाच धरून बसलो. कोकिळा म्हणाली, आवं, फोनमधून कसं दिसंल त्यांला?
फोन कट झाला. रेंजचा भरवसा नाही.
डावा डोळा अजून व्हायचा आहे. शुगर जागेवर आहे. मी रोज सकाळी ओट्यावर असतो. बदला अर्धवट ठेवणं बरं नाही. सुग्रीव, बोलता येत नसेल तर पोराला सांग, पण कधी येतोस ते लवकर कळव.