छत्तीसच्या पुढे

सोमवार, ४ मार्च

येत्या सोमवारी बायकोचं ऑपरेशन. डाव्या कानाखाली गाठ. चेहरा हलवणारी नस म्हणे तिच्यातूनच जाते. "वाचवायचा प्रयत्न करू" — सर्जन. हवामान खात्याचा आवाज!

ती म्हणाली, "त्याआधी माझे फोटो काढ. बाबांच्या कॅमेऱ्यावर. फोन नको, तो न विचारता सगळ्यांच्या चेहऱ्यांना इस्त्री करतो."

बाबा म्हणजे माझे सासरे. जन्मभर लोकांच्या लग्नांचे फोटो काढून गेले. कॅमेरा जपानी, पन्नास वर्षांचा, विटेसारखा जड. रोल मीच भरला. फिल्मचं टोक दोनदा हातातून निसटलं. थंडी वाजतेय म्हणालो. पंखा चालू होता.

बुधवार, ६ मार्च

विचित्र यंत्र. बघायची खिडकी एकीकडे, भिंग दुसरीकडे. खिडकीत मधोमध पिवळा ठिपका, त्यात ती दोनदा दिसते. भिंगाची कडी फिरवायची. दोघी एकमेकींवर चपखल बसल्या की बटण. "या वयात दोन-दोन बायका झेपायच्या नाहीत," म्हणालो. हसली. माझी कडी मात्र तिथेच थांबली — एक आजची, एक सोमवारनंतरची...

शुक्रवार, ८ मार्च

एकोणतीस फोटो झाले. लोकांची टिंगल करून पोट भरणारा मी. पेपरातल्या सदराला एक ओळ सुचत नाही.

शनिवार, ९ मार्च

छत्तीस. फिल्म पुढे सरकवायचा दांडा ओढला — सदतीस. अडतीस. एकोणचाळीस! रोल छत्तीसचा. तसाच लॅबमध्ये गेलो.

लॅबवाल्याने पहिलं काय विचारावं? "दांडा ओढताना वरची डावी चकती फिरत होती का, साहेब?" चकतीकडे कोण बघतंय! फिल्म सरकली की ती फिरते म्हणे. त्याने ती फिरवून पाहिली, सैल. झाकण उघडलं. फिल्मचं टोक चक्राच्या दातांत अडकलंच नव्हतं. आकडा तेवढा इमानदारीने पुढे जात होता.

"कोरी आहे. पण मुदत कधीच संपलीय, परत भरून उपयोग नाही. दुसरा रोल मागवावा लागेल. चार दिवस."

चार दिवस!

तिला सांगायचं नाही. लॅबने जाळला म्हणायचं.

रविवार, १० मार्च

सांगितलं. जीभच वळली नाही खोटं बोलायला. ती एकदम फुटलीच — "अरे, आपल्या लग्नाचे फोटो का नाहीत? बाबांनी हेच केलं होतं! लॅबने जाळले म्हणून मरेपर्यंत सांगत होते. आईला पहिल्या दिवसापासून ठाऊक!"

डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. दोन्ही गालांनी. मी नुसता बघत बसलो. करतो काय, रोल कुठे होता!

सोमवार, ११ मार्च

सातला आत नेलं. अडीच वाजले. दार बंदच.

गुरुवार, १४ मार्च

नस गेली. आज पट्टी काढली. सिस्टरने आरसा पुढे केला; तिने हाताने बाजूला सारला. ओठ नीट हलत नाहीत म्हणून कागद मागितला. लिहिलं — "तू बघ आणि सांग. विनोद नको."

मी खुर्ची जवळ ओढली.