पिनेच्या भोकातलं कुंकू

आई, तुझी नात आता रायफल जोडते. तुला हे ऐकून कसं वाटलं असतं, याचा मला अंदाज नाही. मला अजिबात आवडलं नव्हतं. इकडे परदेशात, फ्रिस्कोत, आमच्यापासून वीस मिनिटांवर ती एकटी राहते, शनिवारी क्लबात जाऊन कागदी लक्ष्यावर नेम धरते. तिथवर मी काही बोलले नाही. पण सुटे भाग आणून स्वतःची रायफल जोडणार म्हणाली, तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "ते घेऊन या घराची पायरी चढू नकोस." ती रायफल घेऊन आली नाही, आणि रायफलीशिवायही आली नाही. गणपतीत आम्ही नवराबायकोनेच आरती म्हटली. एकुलती एक मुलगी एका वाक्यावर हातची गेली, या विचाराने मी स्वयंपाकघरात उगाच डबे आवरत राहायचे.

परवा रविवारी तिचा फोन आला. "मॉम, एक स्प्रिंग आहे, सारखी उडतेय. आजी हेच काम करायची ना?" आजी सरकारी ऑफिसात होती, असं मीच तिला लहानपणापासून सांगितलं होतं. "मावशीआजीने सांगितलं," ती म्हणाली. "तू ऑफिस म्हणाली होतीस." मग म्हणाली, "फोनवर नको. ये ना."

गाडी चालवताना मला तो कॉलेजचा बक्षीस समारंभ आठवत होता. बाबा गेल्यावर तू त्यांच्या जागी अनुकंपेवर शस्त्रांच्या कारखान्यात लागलीस आणि जोडणी विभागात बसलीस, पुरुषांच्या रांगेत तुम्ही चार बायका. चिमट्याने बारीक स्प्रिंगा बसवून बसवून तुझी बोटं नखांपर्यंत काळी झालेली. त्या दिवशी आमच्या बाईंनी तुला विचारलं, "तुम्ही काय करता?" आणि तू तोंड उघडायच्या आत मी म्हणाले, "ऑफिसात असते." तू हात पदराखाली घेतलेस. घरी आल्यावर पोळ्या लाटता लाटता एवढंच म्हणालीस, "ऑफिस बरं असतं म्हणतात. पंखा असतो." पुन्हा कधी तो विषय काढला नाहीस. मीही नाही काढला.

मुलीने दार उघडलं. मिठी नाही, काही नाही. जेवणाच्या टेबलावर स्टीलचं ताट, त्यात वीतभर लांबीचा काळा सांगाडा. रायफलीचा खालचा भाग, चाप बसतो तो. त्याच्या पुढच्या टोकाला एक बारीक भोक आहे. त्यात स्प्रिंग, स्प्रिंगवर तांदळाच्या दाण्याएवढा खिळा, दोन्ही खाली दाबून धरायचे आणि वरून मोठी पिन आडवी सरकवायची. "बघ," म्हणून ती करायला गेली आणि खिळा टण्णकन उडाला. "हलू नकोस! पाय उचलू नकोस!" मी ओरडले, आणि तो आवाज माझा नव्हता, तुझा होता. तुमच्या रांगेत काही पडलं की सापडेपर्यंत सगळे जागच्या जागी थिजायचे, आणि तू घरी कुडीची फिरकी पडली तरी आम्हाला तसंच थिजवायचीस. मुलगी एका पायावर उभी. "मॉम, किती वेळ?" "सापडेपर्यंत." मी फोनचा दिवा जमिनीलगत आडवा धरला. खिळ्याची लांब सावली पडली, फ्रिजपाशी.

मग मी तिच्याकडे एक पारदर्शक पिशवी मागितली आणि सांगाड्यासकट दोन्ही हात आत घातले, म्हणजे उडालं तरी पिशवीतच. तू पेनातली स्प्रिंग घेऊन ओट्यापाशी हे दाखवायचीस, आणि मी लक्ष नसल्यासारखं दाखवून सगळं बघायचे. पण खिळा पुरता आत जाईना. चूक तिच्या हाताची नव्हती. भोकातच काहीतरी होतं. हात बाहेर काढून मी टूथपिक घातली. टोक लाल झालं.

"हे काय?"

ती ओशाळली. "परवा खंडेनवमी होती ना. मावशीआजी म्हणाली, आजी पेचकसाला, पक्कडीला हळदकुंकू लावायची. मला वाटलं, पार्ट्सनाही लावावं."

"भोकात?"

"सांडलं थोडं."

तेलात कालवलेलं कुंकू तळाशी घट्ट बसलं होतं. मला हसू आवरेना, मग तिलाही. मी भोक टोकरत होते तेव्हा तिने विचारलं, "पण ऑफिस का सांगितलंस?"

"लाज वाटायची. तिच्या काळ्या बोटांची." इतक्या वर्षांत हे मोठ्याने पहिल्यांदा बोलले. तिने स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. तिचीही काळीच होती.

भोक साफ झाल्यावर पिशवीत मी खिळा एका पातळ लोखंडी पत्तीने दाबून धरला आणि तिने पिन सरकवली. पत्ती काढली, टक्.

"दिवाळीला येऊ?" तिने विचारलं. "रायफल इथेच राहील."

"ये. चकल्या तुलाच पाडायच्यात."

"आजीच्या बोटांबद्दल मला सगळं सांगशील?"

सांगेन म्हटलं. आधी तुला सांगावं म्हणून हे लिहायला बसले. पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी बहुधा धीर झाला नसता. आणखी एक सांगायचं राहिलं. तो टक् आवाज मला फार आवडला, आई. चाप अडवणाऱ्या सेफ्टीच्या खटक्याखालची स्प्रिंग तिने बसवायची असं आमचं ठरलं होतं. ती हात धुवायला गेली तेवढ्यात मीच बसवून टाकली.