आईची तारीख

दि. ४ मार्च

तीर्थरूप बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

आपल्या घरातल्या पहिल्या पदवीला सरकारी दवाखान्यातली काचेची खिडकी मिळाली आहे! शस्त्रक्रियेच्या तारखा मी देते. विम्याचं कार्ड सगळ्यांना मिळाल्यापासून, वर्षानुवर्षं दुखणं अंगावर काढणारी माणसं येऊ लागलीत. पाहून ऊर भरून येतो. आईनेही आता गळ्यावरची गाठ लपवू नये. तिला घेऊन या.

माया आहेच, ती तशीच राहू द्या.
तुमची लेक

दि. २० मार्च

चि. साहेबीणबाईंस अनेक आशीर्वाद.

तुझं ऐकून आईला आणलं. तारीख दिलीस ऑगस्टची, तीही मान खाली घालून! आता तिला घास गिळताना अडकतो. शेजारच्या काकू विचारतात, पोरगी खिडकीत आणि आई रांगेत, हे कसं? मी दहापट गिऱ्हाइकांचं कापड घेतलं असतं आणि मशीन एकच ठेवलं असतं, तर लोकांनी मला दुकानात कोंडलं असतं. आईचं नाव वर घे. एवढंच मागतो.

बाबा

दि. २६ मार्च

ती. बाबांना शि. सा. न.

भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई एकच आहेत. दोन टेबलांपैकी एक रिकामंच असतं. कार्डं भराभर निघाली, डॉक्टर तसे निघत नाहीत. नाव वर घेणं मिनिटाचं काम आहे, पण कुणाला खाली ढकलू? हात धजला नाही. रागवा, पण बोलणं सोडू नका.

तुमचीच

दि. २ एप्रिल

चि. बाळास आशीर्वाद.

हे बाबांना न सांगता लिहितेय. मला थोर व्हायची हौस नाही गं. मला भीती वाटते. उताणं झोपलं की श्वास कोंडतो. तुला शिकवलं ते काय मला ताटकळत ठेवायला? रागाने लिहिलंय, पण खोडणार नाही. वेळेवर जेवत जा.

आई

दि. ८ एप्रिल

ती. आईस शि. सा. न.

तुझं पत्र वाचून मोठ्या डॉक्टरांकडे गेले. आधी येईल त्याला आधीची तारीख, हा नियम कुणाचा, असं विचारलं. ते म्हणाले, कुणाचाच नाही, गर्दी नव्हती तेव्हा चालून गेलं. आता ते सोमवारपासून रांगेतल्या प्रत्येकाला पुन्हा तपासतील. ज्याचं दुखणं जास्त धोक्याचं, ज्याला थांबून चालणार नाही, त्याला आधी घेतील. तुझी तारीख अलीकडे येईल किंवा आणखी लांबेल. त्यात माझा हात नसेल. पण तू ये.

तुझ्या रागालाही मुकायचं नाही मला.
बाळ

दि. १२ एप्रिल

चि. बाळास आशीर्वाद.

सोमवारी पहिल्या गाडीने निघतो. आईने पिशवी भरून ठेवलीय. परवापर्यंत नंबर वर घ्या म्हणून घर डोक्यावर घेतलं होतं. आज भाजी निवडता निवडता म्हणाली, डॉक्टरांनी मला सगळ्यांच्या मागे टाकलं तर किती बरं होईल हो. मीही सकाळपासून तेच मागतोय.

बाबा