कडुलिंबावरचं मोहोळ आणि पत्र्याखालच्या नऊ जणी

१६ एप्रिल, बुधवार

चावली! बिरप्पाला. आणि तीही कुठं, तर नाकाच्या शेंड्यावर! रंगखान्यातून ओल्या सुताच्या लडी खांद्यावर घेऊन बाहेर आला, बांबूवर टाकायला लागला आणि लडीवर बसलेल्या माशीवर त्याचं नाक गेलं. मग काय – बिरप्पा नाक धरून नाचतोय आणि अख्खा कारखाना हसतोय. संध्याकाळपर्यंत नाकाचं वांगं झालं होतं.

मोहोळ मागच्या कडुलिंबावर आहे. तळहाताएवढं, बारीक माश्यांचं. माझ्या टेबलाजवळच्या खिडकीतून सरळ दिसतं. बावीस वर्षं टॉवेलांच्या घड्या घालतेय मी, पण खिडकीबाहेर बघण्यासारखं काही असणं हे पहिल्यांदाच. संक्रांतीपासून बघतेय. आता ते माझंच वाटतं.

दुपारी मालक आले. आधी नाक बघितलं, मग लडी. प्रत्येक लडीवर पंचवीस-तीस माश्या पाणी पीत बसलेल्या. "अक्षयतृतीयेला नवीन मशीन यायचंय. पूजा आहे, पाहुणे आहेत. त्याच्या आत धूर करून टाका." बिरप्पा लगेच, "आत्ता करतो की!"

मी मध्ये तोंड घातलं. कुठल्याही गोष्टीत माझं तोंड मध्ये नाही, असं होतच नाही! म्हटलं, "मालक, माश्यांचं लडीवर येणं मी बंद करते. अक्षयतृतीयेपर्यंत वेळ द्या." मालक हसले. "कमरूबाई, माश्या तुमचं ऐकणार?"

"माझा नवरा सोडून सगळे ऐकतात."

चौदा दिवस. बोलून तर बसले. आता निस्तरा!

१७ एप्रिल, गुरुवार

पेपरात त्रेचाळीस. पत्र्याखाली किती ते पेपरवाल्याला कुठं माहीत! आम्ही नऊ जणी डोक्यावर ओला टॉवेल घेऊन घड्या घालतो. अर्ध्या तासात डोक्यावरचा टॉवेल वाळून कडक. आमच्यातल्या दिपालीला सातवा महिना लागलाय. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, उन्हात जाऊ नको. "सावलीतच बसते की मी," असं ती म्हणते. वर तापलेला पत्रा – त्याला सावली म्हणायची. असो, आम्हाला सवय आहे.

डबा खाताना मोहोळाकडे बघत बसले. सकाळी माश्यांच्या पायांना पिवळे गोळे असतात, फुलांवरून आणलेले. बाराच्या पुढे एकीच्याही पायाला काही नाही! सगळ्या नुसत्या पाण्याच्या खेपा घालतात. आणि ज्या घरी आहेत त्या जागच्या जागी बसून पंख हलवतात. उडत नाहीत, नुसत्या हलवतात.

संध्याकाळी खालिदला विचारलं. माझ्या बहिणीचा मुलगा. एसी दुरुस्त करतो आणि मोबाइलमध्ये जगातलं सगळं शोधून काढतो. म्हणाला, पाणी आणून पोळ्यावर पसरतात आणि पंखांनी वारा घालतात. "खाला, ये तो कूलर है!" पोळ्यात पिल्लं असतात. पस्तीस-छत्तीसच्या वर जास्त वेळ गेलं की ती अधू निघतात, पंख वाकडे होतात. म्हणून दुपारी बाकीची कामं बंद, फक्त पाणी आणि वारा.

म्हणजे त्या लडीवर मजा मारायला येत नाहीत. बिचाऱ्या पाणी भरतायत! आता तर काहीही होवो, मी धूर करू देणार नाही.

१९ एप्रिल, शनिवार

हौदाच्या काठावर एक चतुर बसला होता. शेपटी सरळ वर, सूर्याकडे – शीर्षासन! खालिद म्हणे, तसं केलं की अंगावर ऊन कमी पडतं. दिपालीला सांगितलं तर म्हणाली, "आपा, मला ह्या पोटासकट न्हाय जमायचं." हसताना माझ्या सहा घड्या चुकल्या.

२१ एप्रिल, सोमवार

गाढवपणा केला. मीच.

सोलापूरच्या माणसाला कुठलीही अडचण सांगा, तो टॉवेल पुढे करतो. माझं डोकंही तसंच चाललं. त्यांना गारवा हवाय ना? मग घरपोच देऊ! विक्रीला न चालणारे दागी टॉवेल काढले, भिजवले आणि आम्ही सगळ्यांनी मिळून सकाळी मोहोळाच्या चारी बाजूंनी फांद्यांवर सोडले. खोलीच केली म्हणा ना. मी इतकी खूश की मालकांना बोलावून दाखवणार होते.

एक वाजता खिडकीतून बघितलं. माश्या मोहोळ सोडून बाहेर! फांदीखाली घोस धरून लटकलेल्या. आवाज वेगळाच, चिडलेला. मी पळत गेले. मागून बिरप्पा आला.

"वारं कोंडलंसा की वो आपा! तुमच्या घरचा कूलर खिडकी लावून चालतो व्हय?"

खरंच की! खिडकी बंद करून कूलर लावला की नुसता चिकचिकाट होतो, गारवा नाही. सोलापुरात हे शाळकरी पोरालाही माहीत आहे. आणि मी, कूलरच्या वाऱ्यात लहानाची मोठी झालेली, मला कळू नये?

टॉवेल काढले कुणी? बिरप्पानेच. तोंडाला टॉवेल गुंडाळून स्टुलावर चढला. मी खाली उभी राहून रडत होते. चांगलं करायला गेले आणि त्यांचा श्वासच कोंडला. पिल्लांचं काय झालं असेल? पाच वाजता सगळ्या परत पोळ्यावर गेल्या तेव्हा कुठं जीव खाली पडला.

"तू तर त्यांना जाळायला निघाला होतास," मी म्हटलं. बिरप्पा म्हणाला, "जाळणं येगळं, घुसमटवणं येगळं." काय हा न्याय!

२३ एप्रिल, बुधवार

नवी युक्ती. झाडाच्या बुंध्याशी मातीची परात ठेवली. पाण्यात टॉवेलचं एक टोक, दुसरं काठावर. म्हणजे माशी ओल्या टॉवेलवर बसून पिईल, बुडणार नाही. दिवसभर बघितलं – एक नाही आली! चार पावलांवर लडींवर मात्र जत्रा.

पिण्याचं पाणी, तेही गाळलेलं! नखरे बघा बाईसाहेबांचे.

२४ एप्रिल, गुरुवार

मुंगळे साडेअकराला बिळात आणि चारच्या पुढे बाहेर. आठवडाभर बघतेय. यांना भोंगा कोण देतं?

२५ एप्रिल, शुक्रवार

सहा दिवस उरले, आजचा धरून. सकाळपासून माझी चिडचिड. दिपालीला दोनदा चक्कर आली, तिला गूळ-पाणी दिलं, माझ्या खिडकीशी बसवलं. आणि परात कोरडी ठणठणीत – माश्यांनी नाही, उन्हाने प्यायली.

बिरप्पा विडी ओढत परातीपाशी बसला. म्हणाला, "आमच्या आबाच्या वक्ताला असलं ऊन वैशाख सरताना यायचं. आता चैतातच." मग एकदम, "आपा, रंग धरावा म्हणून आमी सुतात काय घालतो?"

"मीठ."

"आन् उन्हाळ्यात मेंढरं काय मागत्यात? मीठच. माझं आख्खं बालपण मेंढरामागं गेलंय. तुमच्या माश्या पान्याला न्हाय, मिठाच्या पान्याला येत्यात. तुमी त्यांना अळणी वाढताय!"

परातीत दोन चिमटी मीठ टाकलं. टॉवेल पुन्हा भिजवला. आम्ही दोघं तोंड बंद करून उभे. (माझं तोंड बंद – याची कुठंतरी नोंद व्हायला हवी.)

आली! एक. टॉवेलवर बसली, चाखलं, गेली. मग तीन आल्या. मग मोजणं सोडलं. बिरप्पाने मला टाळी दिली, नको तेवढ्या जोरात.

२६ एप्रिल, शनिवार

लडीवर अकरा. परातीवर गर्दी, बसायला जागा नाही! खाल्ल्या मिठाला जागल्या म्हणायच्या. बिरप्पा म्हणाला, "जावा, नाकाचं माफ केलं."

दुसरी परात ठेवली.

२८ एप्रिल, सोमवार

मालक स्वतः लडी बघून गेले. एक माशी सापडली, तीही वाट चुकलेली. धूर रद्द! नऊच्या नऊ जणींनी टाळ्या वाजवल्या, दिपालीने तर शिट्टी. मालक खुलले. म्हणाले, पाहुण्यांना मोहोळ दाखवू. दुपारी माणसं बोलावून झाडाशेजारी चार बांबू रोवले, वर हिरवी जाळी ताणली. बाजू मोकळ्या ठेवायला मीच सांगितलं. खाली पाणी मारलं. जाळीखाली उभं राहिलं तर वाऱ्याची झुळूक लागते हो! "मुक्या जीवांचं बघायला नको?" मालक म्हणाले. भला माणूस. मी मनापासून लिहितेय.

३० एप्रिल, बुधवार

अक्षयतृतीया. मशीनला हार, पेढे, पाहुणे. मालकांनी खालिदला मुद्दाम बोलावलं होतं. त्याच्याकडे एसी तपासायचं एक यंत्र आहे – लांबून लाल ठिपका मारायचा, ती जागा किती तापलीय त्याचा आकडा दिसतो. ठिपका मोहोळावर. छत्तीस! पाहुण्यांनी वा-वा केली. बाहेर त्रेचाळीस आणि इवल्याशा माश्यांनी घर छत्तीसवर ठेवलंय. मालक सांगत होते, "जाळी मी लावली, परात मी ठेवली." ठेवू दे. माझी छाती फुगली होती ती माश्यांसाठी.

मग मालक ते यंत्र घेऊन सगळीकडे ठिपका मारत सुटले. मशीनवर, पेढ्यांवर, बिरप्पाच्या नाकावर. सगळे हसतायत. आमच्या टेबलापाशी आले तेव्हा दिपाली बसल्या बसल्या म्हणाली, "मालक, हितं मारा की."

टेबलावर सेहेचाळीस. वर पत्र्यावर त्रेसष्ट.

मालकांनी यंत्र हलवलं, परत मारलं. सेहेचाळीस. "बिघडलंय वाटतं," म्हणाले आणि खालिदच्या हातात देऊन पाहुण्यांना चहाला घेऊन गेले.

खालिद माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "खाला, मशीन बराबर है." मला माहीत होतं.

१ मे, गुरुवार

कामगार दिन. सुट्टी. दिपालीकडे जाऊन आले. तिने माझा हात धरून पोटावर ठेवला, आत चांगला दंगा चालला होता. येताना बाकीच्या सात जणींच्या घरी पण जाऊन आले. प्रत्येकीकडे चहा. आठ चहा झाले, पण सांगायचं ते सगळं सांगून झालं.

२ मे, शुक्रवार

साडेअकरा वाजले, मुंगळे बिळात गेले, तशी मी हातातली घडी खाली ठेवली आणि उठले. दिपाली उठली. मग सगळ्या. आम्ही हिरव्या जाळीखाली येऊन बसलोय, हे तिथूनच लिहितेय. मालक आले, घड्याळ दाखवलं, ओरडले. मी म्हटलं, "चारला येतो की. वाटल्यास आठपर्यंत थांबतो." मालक अजून उन्हात उभे आहेत. इकडून कुणी हललेलं नाही.