माझ्या डाव्या कानाशेजारी

४ फेब्रुवारी

आला एकदाचा चष्मा! नाकावर बसलाय आणि मी लिहितेय. माझं अक्षर इतकं गचाळ आहे हे आजच कळलं.

चष्मेवाल्यानं बालवाडीतल्या पोराला समजवावं तसं समजावलं. काच एकच, पण तिच्यात तीन मजले. वरच्यातून लांबचं – रस्ता, पाट्या. खालच्यातून जवळचं – वही, सुईत ओवायचा दोरा. आणि मधल्या अरुंद पट्ट्यातून हाताच्या अंतरावरचं – शिलाई मशीन, गॅस, टेबलापलीकडचा माणूस. मध्ये रेघ नाही, एकातून दुसऱ्यात कधी गेलो ते कळत नाही. कडांना मात्र सगळं हलतं, वितळल्यासारखं. "बाई, डोळे फिरवायचे नाहीत. नाक फिरवायचं. काही दिवस त्रास होईल, मग सवय होईल."

दुकानाचा जिना उतरताना पायऱ्या वर-खाली होत होत्या. कठडा धरून म्हातारीसारखी उतरले.

घरी ह्यांचं तेच – "कशाला हवा होता? आपलं बरं चाललं होतं की." वर्षभर हेच टुमणं लावलंय. स्वतः तर तपासायलाही येत नाहीत. मला लख्ख दिसतं म्हणे!

५ फेब्रुवारी

दिवसभर गरगरतंय. एका गिऱ्हाइकाच्या पँटची उंची कमी करायची होती. शिवण वाकडी गेली, उसवली, पुन्हा वाकडी. नणंदबाईंना फोन केला, त्या तीन वर्षं असलाच चष्मा लावतात. "वहिनी, सवय होईल." सगळ्यांची एकच टेप.

७ फेब्रुवारी

मधला पट्टा सापडला! हनुवटी किंचित वर, की झालं. मशीनची सुई लख्ख. एका बैठकीत दोन झिपा बदलल्या, एक बाही आखूड केली. फार बरं वाटलं.

संध्याकाळी जेवायला बसलो. हे टेबलापलीकडे, नेहमीच्या खुर्चीत. मी हनुवटी उचलली आणि ह्यांचा चेहरा एकदम समोर आला. भुवया कधी पांढऱ्या झाल्या? गालावर दाढीचा एक पट्टा तसाच राहिलेला. घास हातात धरून बघत राहिले.

मग लक्षात आलं. हे माझ्याकडे बघत नव्हते.

बोलत होते माझ्याशीच. दुकानातलं सांगत होते. ह्यांचं नट-बोल्ट-बिजागऱ्यांचं दुकान, त्यामुळे रोज एकतरी गिऱ्हाईक बिजागरी दाराच्या कुठल्या बाजूला लावायची ते विचारतं आणि त्यावर आम्ही हसतो. आजही हसलो. पण हसताना ह्यांची नजर माझ्या डाव्या कानाच्या शेजारी. तिथं कोणी बसलेलं असावं तशी. मी वळून पाहिलं. नुसती भिंत. पण वळताना चष्म्याच्या कडेत दाराची चौकट वाकली आणि क्षणभर वाटलं, कोणीतरी पटकन सरकलं.

काच नवी आहे म्हणून.

८ फेब्रुवारी

काच नवी आहे म्हणून नाही.

आज मी मुद्दाम टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसले. खुर्ची हललेली ह्यांना अजिबात खपत नाही. खुर्ची, किल्ल्या, चपला, सगळं जिथल्या तिथं हवं. "रोजच्या जागेला काय धाड भरली होती?" असे चिडले. चिडले माझ्यावर, पण डोळे वटारले माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेवर! म्हणजे ती जागा माझ्याबरोबर हलली. उठून गॅसपाशी गेले. नजर मागोमाग आली, माझ्यापासून वीतभर अंतर राखून.

माझ्या बाजूला कोणीतरी चालतंय. ह्यांना दिसतंय, मला नाही.

जेवण गेलं नाही.

१० फेब्रुवारी

चष्मेवाल्याकडे जाऊन बसले. त्यानं काचेवर पेनानं दोन ठिपके काढले, माझ्या बुबुळांशी जुळवून पाहिले. काच बरोबर आहे म्हणाला. मी म्हटलं, "माणसं वेगळी दिसतात हो." तो हसला.

"आधी मधलं अंतर कशानं बघायचात?"

कशानंच नाही. वाचायला जुना चष्मा, लांबचं उघड्या डोळ्यांनी. मधलं आपलं धूसर, तसंच रेटायचं. सहा-सात वर्षं तरी झाली.

"मग तेवढी वर्षं तुम्ही आठवणीतून बघत होतात. जे नीट दिसत नाही ते डोकं भरून काढतं. आता खरं दिसतंय, एवढाच फरक आहे."

किती सहज बोलला, फडक्यानं काच पुसता पुसता. म्हणजे इतकी वर्षं हे असेच माझ्या शेजारी बघत आलेत? आणि मी आठवणीतला नवरा समोर बसवून जेवत होते?

११ फेब्रुवारी

चष्मा लावलाच नाही. जुना नवरा परत मिळाला. चहा सांडला.

१३ फेब्रुवारी

ही वही माझ्याशिवाय कोणी वाचत नाही, म्हणून लिहिते. भीती आहेच. एकटी असताना पाठ भिंतीला लावून बसते. मशीनवरसुद्धा दर दोन टाक्यांना डावीकडे बघते, आणि बघितलं की चष्म्याच्या कडेत सगळं हलतं, मग आणखी घाबरते. पण भीतीपेक्षा राग जास्त आहे. हे त्या जागेकडे ज्या मायेनं बघतात ना! मान जराशी कललेली, डोळे मऊ. नवी नवरी होते तेव्हाही माझ्याकडे असं कोणी बघितलं नव्हतं. संसार मी केला, खस्ता मी खाल्ल्या, आणि कौतुक त्या शेजारणीचं.

तिला शेजारीण म्हणू लागले! माझं डोकं फिरत चाललंय का?

१६ फेब्रुवारी

नणंदबाईंना जेवायला बोलावलं. मुद्दाम माझ्या डाव्या हाताला बसवलं, अगदी त्या जागेवर. म्हटलं आता बघू कुठे बसते ती.

हे दुकानातून आले. टेबलाशी दोघी बसलेल्या, तरी बोलेनात. मग नणंदबाई म्हणाल्या, "दादा, बहिणीला ओळख दाखवायची पद्धत गेली वाटतं!" तेव्हा कुठे हसले – "अगं, तू कधी आलीस?" आणि नणंदबाईंशी बोलताना बघितलं ते त्यांच्या डाव्या कानाशेजारी. हवेत.

म्हणजे त्यांच्याही बाजूला एक आहे.

चहा ठेवताना हळूच विचारलं, "ताई, दादा तुमच्याकडे बघून बोलतात का हो?" त्यांच्या कपाळाला आठ्या. "वहिनी, तब्येत बरी आहे ना? अजून डोळे फिरवताय तुम्ही. नाक फिरवा, नाक."

त्या गेल्यावर त्यांची खुर्ची आत सरकवायला हात पुढे गेला आणि मागे आला.

१७ फेब्रुवारी

सकाळी वही टेबलावर उघडीच राहिली. आले तर ह्यांचा चहाचा कप बरोबर तिच्यावर ठेवलेला. शेजारणीबद्दल लिहिलंय त्या पानावर गोल डाग. वाचलं असणार! दिवसभर मी कान टवकारून होते. ह्यांचा चेहरा होता तसाच.

वाचूनही बोलले नाहीत? इतका पक्का माणूस आहे हा?

२० फेब्रुवारी

मोरीचं दार अर्धवट उघडं होतं. हे आरशासमोर दाढी करत होते. आधी डाव्या हाताचं बोट गालावरून फिरवायचे, मग त्याच वाटेनं वस्तरा. मी पाठीमागून आरशात पाहिलं.

आरशात ह्यांचा चेहरा होता आणि हे त्याच्याकडे बघत नव्हते. स्वतःच्या कानाशेजारी, भिंतीवरच्या नुसत्या फरशीकडे बघत होते. तिथं कोणीतरी त्यांची दाढी बघत उभं असल्यासारखे.

स्वतःलाही सोडलं नाही.

हनुवटीवर कापलं. रक्त गळ्यापर्यंत आलं तरी ह्यांना पत्ता नाही, ओलं लागल्यावर बोटानं पुसलं आणि बोट नाकाशी नेऊन वास घेतला. मी तशीच मागे सरले. मशीनवर येऊन बसले, पण हातातली कात्री चालेना. बावीस वर्षांचा संसार, आणि घरात कोणाबरोबर राहतेय ते मला माहीत नाही.

२३ फेब्रुवारी

आज सोक्षमोक्ष लावायचं ठरवलं. हे यायच्या वेळी दाराच्या आतल्या बोळात जाऊन उभी राहिले. दिवा चालू. चष्मा डोळ्यांवर, हनुवटी वर. तोंडातून शब्द काढायचा नाही, हालायचं नाही. बघू कोणाकडे बघतात.

कुलूप उघडलं. हे आत आले. आधी भिंत चाचपली, खिळा सापडला, मग किल्ल्या अडकवल्या. चपला पायानंच जागेवर लावल्या. आणि सरळ माझ्या दिशेनं चालत आले. हाताच्या अंतरावर थांबले. माझा श्वास ऐकू गेला असेल.

आणि माझ्याकडे बघितलं. सरळ. डोळ्याला डोळा. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा! त्या डोळ्यांत कोणीच नव्हतं. उघड्या दारातून पलीकडे बघावं तसे माझ्यातून आरपार बघत होते.

"कोण आहे?"

मी हनुवटी खाली येऊ दिली नाही.

मग ह्यांनी हळूहळू तोंड वळवलं. माझ्यापासून दूर, भिंतीकडे. नुसत्या भिंतीकडे बघितलं, आणि चेहऱ्यावर ती माया आली, तीच, मान जराशी कललेली. आणि भिंतीकडे बघत मला म्हणाले,

"अगं, तूच होय. केवढा घाबरलो मी."

मी त्यांचा हात धरला.

"उद्या माझ्याबरोबर चला."

"कुठं?"

"तुम्हाला माहीत आहे कुठं."

मग म्हणाले, "तुला चष्मा लागायलाच नको होता."

२४ फेब्रुवारी

डोळ्यांच्या डॉक्टरांनी ह्यांच्यापुढे चौकटींचा कागद धरला. हे म्हणाले, मधोमध काहीच नाहीये. दोन्ही डोळ्यांचा मधला भाग गेलाय, कडेचा शाबूत आहे. ज्याच्याकडे सरळ बघतील तेच पुसलं जातं. एखादं माणूस बघायचं तर त्याच्या शेजारी बघावं लागतं. चार वर्षं लपवलं! गेलं ते परत यायचं नाही, उरलंय ते जपू म्हणाले डॉक्टर.

संध्याकाळी जेवायला बसलो. ह्यांनी माझ्या डाव्या कानाशेजारी बघितलं. मी लाजले.