खरखर

ती. बाबा,
तुमच्या लेकीचा दुरूनच वाकून नमस्कार. इथं सगळं ठीक आहे. गाण्याचा वर्ग भरतोय, मी वेळेवर जेवते.

परवा एका मुलीला गाताना मध्येच थांबवलं. वरच्या सुरावर तिचा आवाज किंचित खरखरला होता. "सूर तर बरोबर लागला!" म्हणत ती रुसली. मीही तुमच्यावर अशीच रुसायचे. शिकवणाऱ्याचा आधी कान तयार हवा, हे तुमचं म्हणणं आता पटतं.

आईचे गुडघे कसे आहेत?

बाबा, काल फोनवर तुमच्याही आवाजात तीच खरखर होती. तुम्ही म्हणालात, लाइन खराब आहे. पण त्याच फोनवर आईचा आवाज स्वच्छ आला. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. माझा कान तुम्हीच तयार केलात, आता त्यालाच फसवू नका. डॉक्टरांना गळा दाखवा.

तुमची घाबरट
चिमणी